पीक तरारते, माणूस सावरतो : गेलेला जोर परत येतो तेव्हा कोणते क्रियापद वापरावे

वीसएक वर्षांपूर्वी शेतकऱ्यांसाठीच्या एका माहितीपत्रकाचा मजकूर माझ्याकडे आला होता. त्यात मी मोठ्या ऐटीत लिहिले, "पर्जन्यमानामुळे पिकांचे पुनरुज्जीवन झाले." छपाईला देण्याआधी सहज म्हणून मामाला वाचून दाखवले. मामा परभणीकडचा, कापूस आणि सोयाबीन करणारा. हातातले काम न थांबवता त्याने विचारले, "पीक मेलं व्हतं का?"

"नाही, पाऊस लांबला होता ना."

"मंग मान टाकली व्हती आन् पाणी लागल्यावर तरारलं, असं लिव्ह की."

त्यानंतर मजकूर तपासण्याच्या कामात हे वाक्य मला शेकडो वेळा आठवले आहे. थकलेले, सुकलेले, बंद पडलेले काहीतरी पुन्हा जोमात आले की लिहिणाऱ्याच्या हातून ठरलेले दोनचार शब्द बाहेर पडतात : पुनरुज्जीवन, नवसंजीवनी, नवी ऊर्जा. इंग्रजीतून मराठीत आणताना तर हमखास. 'रिव्हाइव्ह'ला मराठीत एकच प्रतिशब्द शोधत बसलात तर तो मिळणार नाही, कारण आपल्याकडे या एका गोष्टीला डझनभर क्रियापदे आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. त्यांतून नेमके उचलायचे असेल तर काय परत आले हे नंतर पाहावे. आधी काय गेले होते ते विचारावे. पाणी गेले होते, की रंग, की तोल, की धार, की हिंमत? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नातून निघतात.

आधी 'तरारणे' हातात घेऊन बघू

या कुटुंबातले सर्वांत देखणे क्रियापद हे. त्याचा अर्थ शेतात उभे राहून समजतो. पाऊस उघडला, ऊन तापले की पाने लोंबतात, शेंडा झुकतो. याला शेतकरी 'मान टाकणे' म्हणतात. वनस्पतीच्या पेशींत पाणी भरलेले असते तोवर त्या आतून ताठ असतात. पाणी उतरले की आतला दाब उतरतो आणि पान सैल पडते. मुळांना पुन्हा पाणी मिळाले की पेशी भरतात आणि तेच पान काही तासांत ताठ उभे राहते. तरारणे म्हणजे नेमके हे.

याच क्रियापदाचा दुसरा वापर पाहा : "तिच्या डोळ्यांत पाणी तरारले." इथे जोम नाही, टवटवी नाही, उलट दुःख आहे. तरी क्रियापद तेच, कारण दोन्हीकडे घडते ते एकच : आतून पाणी भरते आणि काठापर्यंत येते. मी मनाशी अर्थ असाच धरून ठेवला आहे, आतून भरून वर येणे. तो धरला की 'तरळणे' आणि 'तरारणे' यांतली गफलतही टळते. तरळणारे पाणी आधीच डोळ्यांत आलेले असते, ते नुसते हलते, चमकते. तरारणारे त्याच क्षणी भरून येते.

आवाजाने शेजारी असलेल्या दोन क्रियापदांपासून मात्र सांभाळा. शीड वाऱ्याने टरारते, अजीर्णाने पोट टरारते; तिथे फुगून ताणले जाणे आहे. अंग भीतीने थरारते. "वाऱ्याने शिडे तरारली" असे एका अनुवादात आले होते आणि क्षणभर त्या जहाजाला पालवी फुटल्यासारखे वाटले.

आता रूपे. क्रियापद अकर्मक आहे, त्यामुळे भूतकाळात ते कर्त्याप्रमाणे चालते : ऊस तरारला, पऱ्हाटी तरारली, पीक तरारले, पिके तरारली. ('पीक' दीर्घ, पण 'पिके' ऱ्हस्व, 'पीके' हे मी रोज दुरुस्त करतो.) सगळ्यांत जास्त चालणारे रूप 'तरारून' : तरारून उगवले, तरारून वर आले, तरारून वाढले. हे फक्त चांगल्या गोष्टींसाठी राखीव नाही. पावसानंतर पिकाआधी तणच तरारून येते, हे कोळपणी करणाऱ्या कुणालाही विचारा. नकारासाठी 'तरारले नाही' चालतेच, पण 'तरारेना'ची सर त्याला नाही : "खत झाले, पाणी झाले, तरी रोप तरारेना." त्या 'ना'त वाट पाहणाऱ्याचा वैताग आहे.

माणसासाठी वापरायचे का? वाढत्या वयाच्या पोराला शोभते : "आजोळच्या दूधतुपावर पोर तरारले." पण "ऑपरेशननंतर काका तरारले" म्हटले तर काकाही हसतील. आजारातून उठलेल्या माणसासाठी वेगळे शब्द आहेत, त्यांच्याकडे येतोच.

किती गेले होते, ते मोजा

कोथिंबिरीची जुडी घ्या. सकाळी आणलेली, दुपारपर्यंत ओट्यावर राहिलेली. ती मलूल झालेली असते. देठ खाली करून गार पाण्याच्या पेल्यात तासभर उभी करा, पुन्हा टवटवीत होते. आता तीच जुडी चार दिवस उघड्यावर राहिली तर? पाण्यात ठेवा नाहीतर देवापुढे ठेवा, ती वाळलेली आहे.

मराठीत उतरणीचे शब्द पायऱ्यापायऱ्यांचे आहेत आणि चढणीचे क्रियापद त्यावर ठरते. मरगळ ही वरवरची, ती झटकता येते. म्हणून "मरगळ झटकून कामाला लागला". मलूल होणे, कोमेजणे, मान टाकणे इथपर्यंत परतीची वाट सोपी असते आणि तिथेच तरारणे, टवटवणे ही क्रियापदे बसतात. सुकणे ही सीमारेषा. एकदा 'वाळले' म्हटलेत की तरारण्याचा रस्ता बंद झाला.

वाळल्यानंतरही मूळ जिवंत असेल तर 'फुटणे' मदतीला येते. खोडाला धुमारे फुटतात, खुंटाला कोंब फुटतो, फांदीला पालवी फुटते. इथे जुने पान परत उभे राहत नाही. जुने गेलेच, त्याच मुळावर नवे येते. हा फरक लाक्षणिक अर्थातही पाळायला हवा. एखादे नाट्यमंडळ दहा वर्षे बंद होते आणि आता नव्या पोरांनी सुरू केले, तर त्याला "पालवी फुटली". मंडळ चालूच होते, फक्त दोन वर्षे प्रेक्षक रोडावले होते आणि आता परत आले, तर त्याने "उभारी धरली". दोन्हीला पुनरुज्जीवन म्हटले की वाचकाला नेमके काय झाले ते कळतच नाही.

त्याहून खाली धुगधुगी. "संस्थेत अजून धुगधुगी आहे" यात आशा कमी आणि काळजी जास्त. आणि मेलेले? मेलेले जिवंत होणे आपल्याकडे कथांतच : शुक्राचार्यांच्या संजीवनी विद्येने कच उठला आणि हनुमानाने आणलेल्या औषधीने मरणाच्या दारातला लक्ष्मण. म्हणजे 'संजीवनी' हा शब्द या जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचा आहे. उसाच्या दरात थोडी वाढ झाली म्हणून "ऊस उत्पादकांना नवसंजीवनी" लिहिणाऱ्याने आधी त्यांना मारून टाकलेले असते. शिवाय 'नव' कशासाठी? जुन्या संजीवनीची मुदत संपली होती का? आळंदीच्या 'संजीवन समाधी'तला संजीवन याच कुळातला, पण त्याचा अर्थ जिवंतपणी घेतलेली समाधी असा आहे. त्याचा जोम परत येण्याशी संबंध नाही.

काय गेले होते?

इथे जरा रेंगाळू, कारण खरी श्रीमंती इथेच आहे.

पाणी गेले असेल तर तरारणे, हे झाले. रंग किंवा तेज गेले असेल तर टवटवणे, तजेला येणे, उजळणे. फूल टवटवते, चेहरा टवटवतो. भांड्यांना उजाळा देतात, म्हणून आठवणींनाही उजाळा देतात. मराठीने या जागेसाठी दुहेरी आवाजाचे शब्द किती घडवले आहेत आणि त्यांत किती बारीक वाटण्या केल्या आहेत ते पाहण्यासारखे आहे. फूल टवटवीत, गवत लुसलुशीत, कातडी तुकतुकीत, घासलेले भांडे लखलखीत. फळ रसरशीत आणि निखाराही रसरशीत. नाक मात्र तरतरीत! टवटवीत नाक कुणाचे नसते. परत आलेल्या तेजाचे वर्णन करताना यांपैकी चुकीचा शब्द पडला तर व्याकरण चुकत नाही, कान चुकतो. आणि मराठी वाचक कानाची चूक लवकर माफ करत नाही. शुद्धलेखनाचे म्हणाल तर या शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी नेहमी दुसरी, म्हणजे दीर्घ : टवटवीत, तरतरीत, ठणठणीत. 'पुनरुज्जीवित' मधली 'वि' मात्र ऱ्हस्व, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांतच हा भेद आहे.

धार गेली असेल तर धार लावतात, हे सुरीचे. पाट्याचे वेगळे. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला, त्यावर चटणी सरकू लागली की त्याला टाकी लावून घेतात. पाथरवट छिन्नीने ठोकून त्याला पुन्हा खरबरीत करतो. पितळेच्या पातेल्यातला पांढरा थर झिजला की कल्हई करतात, नवसागर आणि कथील. या तिन्ही क्रियांत वस्तू मुळात ठीक असते, वापराने तिचा गुण झिजलेला असतो. तुमच्या मजकुरात तसेच असेल, समजा एखाद्या खेळाडूचा सराव सुटला आहे, तर त्याला संजीवनी देऊ नका. "त्याने सरावाने पुन्हा धार आणली" पुरते.

तोल गेला असेल तर सावरणे. हे क्रियापद पडता पडता वाचलेल्याचे. ठेच लागलेला सावरतो, कर्जात बुडू घातलेला सावरतो, नवरा गेलेली बाई मुलांकडे बघून सावरते. सावरलेला माणूस आनंदी असेलच असे नाही, तो फक्त उभा आहे. म्हणूनच शोकाच्या बातमीनंतर "कुटुंब आता ताजेतवाने झाले" हे वाक्य क्रूर वाटते. ते मी प्रत्यक्ष वाचले आहे. भाषांतर यंत्राने केले होते आणि माणसाने तपासले नव्हते.

हिंमत गेली असेल तर उभारी येते, धीर येतो. शब्द 'उभा'वरून आहे हे विसरू नका; जो खचला होता, बसला होता, त्यालाच उभारी. (कोल्हापूर-सोलापूरकडे 'उभारणे' म्हणजे साधे उभे राहणे. "तिथं का उभारलास?" या प्रश्नात मनोबलाचा काही संबंध नसतो.) धग गेली असेल तर निखारे फुलवतात, चूल चेतवतात, म्हणून थंडावलेली चळवळही चेतवतात. धंदा बसला असेल तर तो उचल खातो. पण 'उचल खाणे' दुधारी आहे : जुने दुखणेही उचल खाते, जुने भांडणही. आणि साथ, कीड, गुंडगिरी यांच्यासाठी 'डोके वर काढणे' ठरलेले. "पर्यटन व्यवसायाने पुन्हा डोके वर काढले" लिहिलेत तर पर्यटकांना पोलीस धरायला येतील असे वाटते.

शुद्ध, सावधपणा, डोळ्यांवरची झापड, यांचा मामला असेल तर चहाकडे वळावे लागते. चहा घेतल्यावर तरतरी येते. तापातून उठलेल्याने पेज घेतली की त्याला हुशारी वाटते. ही 'हुशारी' परीक्षेतली नव्हे. मूळ फारसी शब्दात होश आहे, शुद्धीवर असणे, सावध असणे, आपल्या आज्यांच्या बोलण्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे : "आता जरा हुशार वाटतंय हो." शहरी कानांना हा वापर परका होत चालला आहे, याचे मला वाईट वाटते, गोष्टीत म्हातारे पात्र असेल तर अवश्य वापरा. 'ताजातवाना'ही फारसीच, ताजा आणि तवाना, म्हणजे टवटवीत आणि सशक्त. दोन्ही भाग लिंगवचनाप्रमाणे बदलतात : तो ताजातवाना, ती ताजीतवानी, मुले ताजीतवानी. "ती ताजातवानी झाली" हे अर्धवट. 'वाटणे' आले की मात्र नपुंसक : मला ताजेतवाने वाटले, मग सांगणारा पुरुष असो की बाई.

आणि 'फ्रेश होणे'? त्याचा अर्थ मराठीत आता ठरून गेला आहे : हातपाय-तोंड धुणे आणि त्यासोबत जे काही उरकायचे ते उरकणे. "पाहुणे फ्रेश होऊन येतायत" याचे "पाहुणे ताजेतवाने होऊन येत आहेत" असे करू नका.

आजारातून उठलेल्याची चढण मराठीत फार छान रचलेली आहे. आधी त्याला शुद्ध येते, मग हुशारी वाटते, मग तोंडाला चव येते, अंगात त्राण येते, उठून बसतो, हिंडूफिरू लागतो आणि शेवटी खडखडीत बरा होतो. रुग्णाच्या प्रकृतीबद्दल लिहिताना या क्रमातली नेमकी पायरी सांगा. "प्रकृतीत सुधारणा" यातून काहीच कळत नाही. "काल उठून बसल्या, भात मागितला" यातून सगळे कळते.

'धरणे' विसरू नका

बाळ बाळसे धरते. लावणी केलेले रोप काही दिवस पिवळे पडते आणि मग जीव धरते. मन उभारी धरते. या 'धरणे'त एक संथपणा आहे. तरतरी झटकन येते, जीव हळूहळू धरला जातो. वेळ दाखवायचा असेल तर हे क्रियापद हाताशी ठेवा.

याच धरण्याचा बागायतदारांचा एक वापर मला फार आवडतो : बहार धरणे. डाळिंब, संत्री, मोसंबी, लिंबू यांच्या बागांना मुद्दाम पाणी तोडतात. याला बाग ताणावर सोडणे म्हणतात. झाड पाने गाळते, ओकेबोके दिसते. मग ताण तोडतात, म्हणजे पाणी देतात, आणि झाड नवी पालवी आणि फुले घेऊन येते. जूनजुलैत फुलवायचा तो मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त, जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहार. इथे मरगळ हीच युक्ती असते. लेखक, गवय्ये, खेळाडू मुद्दाम विश्रांती घेऊन परततात, तेव्हा "नव्या ऊर्जेने परतले" ऐवजी ही भाषा वापरायला कुणाची हरकत आहे? "दोन वर्षे ताणावर होता, यंदा बहार धरला." शेतीशी संबंध नसलेल्या वाचकासाठी आधीच्या वाक्यात एखादा धागा ठेवा, म्हणजे झाले.

आले, की कुणी आणले?

व्याकरणातली ही पायरी सर्वांत जास्त चुकते. इंग्रजीत पाऊस पिकाला काहीतरी करतो, चहा माणसाला काहीतरी करतो. मराठीत पीक स्वतः तरारते आणि पाऊस बाजूला 'ने' लावून उभा राहतो : पावसाने पिके तरारली. चहाने तरतरी आली. त्याच्या एका शब्दाने मला उभारी आली. 'तरारणे'चे 'तरारवणे' असे प्रयोजक रूप करून पाहा, जीभ अडखळते. 'टवटववणे' तर म्हणताच येत नाही. भाषा इथे सांगते आहे की हे काम दुसऱ्याने करायचे नाही.

जिथे खरोखर कुणी हाताने काही केले आहे, तिथे प्रयोजक रूप आपोआप सापडते : फुलणे-फुलवणे, चेतणे-चेतवणे, उठणे-उठवणे. 'सावरणे' तर दोन्हीकडचे. "ती सावरली" मध्ये वेळेने काम केले, "तिने स्वतःला सावरले" मध्ये तिने दात आवळले, आणि "तिने धाकट्या बहिणीला सावरले" मध्ये स्वतःचे दुःख बाजूला ठेवले. तीन वाक्ये, तीन बायका.

त्याच्या पुढचा प्रश्न, आले ते कुठे आले? विभक्ती इथे ठरलेल्या आहेत. त्राण अंगात येते, बळ हातापायांत, दम आवाजात, चमक डोळ्यांत. टवटवी आणि तजेला चेहऱ्यावर. उभारी मनाला, चव तोंडाला, बरकत धंद्याला. जिवात जीव. "मनात उभारी आली" कानाला चालते, पण "चेहऱ्यात टवटवी" आणि "अंगाला त्राण आले" खटकते. आत साठणाऱ्या गोष्टींना 'त', वर दिसणाऱ्यांना 'वर', आणि ज्याचे काहीतरी खुंटले होते त्याला 'ला', असा माझा ठोकताळा आहे. दहातल्या आठ वेळा तो चालतो.

सरकारी कागदावर

पुनरुज्जीवन वाईट शब्द नाही. १९६० साली राज्य झाले, भाषा संचालनालय आले आणि कारभार मराठीत आणायचा म्हणून असे शब्द घडवावे, रुळवावे लागले. योजनेच्या नावात, शासन निर्णयात तो हवाच. फक्त एवढे पाहा की त्याच्या भावंडांत आणि त्याच्यात गल्लत होत नाही. देवळाचा जीर्णोद्धार, काशी विश्वनाथाचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली पुन्हा बांधले, तो जीर्णोद्धार. परवान्याचे नूतनीकरण. चाळीचा पुनर्विकास. धरणग्रस्तांचे पुनर्वसन. संघटनेची पुनर्बांधणी. बंद पडलेल्या प्रथेचे, कलेचे, नदीचे पुनरुज्जीवन. लिहिताना 'रु' ऱ्हस्व आणि 'ज्जी' जोडाक्षर. आणि 'पुनर्जीवित' हा वेगळा शब्द, तो मेलेल्यासाठी.

योजनेची बातमी लिहिताना पहिल्या वाक्यात योजनेचे नाव द्या आणि दुसऱ्यापासून माणसांच्या भाषेत या. नदीचे पुनरुज्जीवन झाले म्हणजे काय झाले? गाळ काढला, ती मार्चपर्यंत वाहती राहिली, काठच्या विहिरींना पाझर फुटला. आजारी साखर कारखान्याचे पुनरुज्जीवन झाले म्हणजे त्याचे धुराडे पुन्हा पेटले, गव्हाणीत गाळपासाठी उसाची मोळी पडली. साखरपट्ट्यातले वार्ताहर असेच लिहितात आणि बरोबर लिहितात.

झिजलेल्या नाण्यांबद्दल थोडेच सांगतो. फिनिक्स पक्षी आता आपल्या प्रत्येक जिल्ह्यात राखेतून उठून बसला आहे, त्याला जरा झोपू द्या. 'कात टाकणे' मात्र वाचवण्यासारखे आहे. साप कात टाकण्याआधी सुस्त होतो, डोळे दुधाळ होतात. कात टाकली की कातडी चकचकीत. म्हणजे ज्याने स्वतःची जुनी खपली स्वतः काढली, त्याला हे शोभते. बसस्थानकाला रंग दिला म्हणून ते कात टाकत नाही.

शब्दाची शंका आली तर जुने कोश उघडा. मोल्सवर्थचा कोश १८३१चा, सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ची, आणि तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा : तिथे क्रियापदे अनुस्वारासह आहेत. 'तरारणे' टाकून काही मिळाले नाही तर 'तरारणें' टाका. मराठी क्रियापद कोशात नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांचे काम त्या एका टिंबाने होते.

एक उतारा दुरुस्त करू

आता सगळे एकत्र वापरून पाहू. गावाकडून आलेली बातमी समजा अशी आहे :

"तीन आठवड्यांच्या खंडानंतर झालेल्या पावसाने परिसरातील पिकांना नवसंजीवनी प्राप्त झाली आहे. शेतकऱ्यांच्या आशा पुनरुज्जीवित झाल्या असून बाजारपेठही नव्या ऊर्जेने जिवंत झाली आहे. गतवर्षी बंद पडलेल्या वाचनालयानेही कात टाकली आहे."

पहिले वाक्य. पिकांचे काय गेले होते? पाणी. किती? इथे पाठवणाऱ्याला फोन करावा लागतो. तो सांगतो, काळ्या रानातले बचावले, माळावरचे वाळले. मग लिहू : "तीन आठवडे पाऊस नव्हता. पिकांनी माना टाकल्या होत्या. परवाच्या पावसाने काळ्या रानातली पिके तरारली; माळावरचे सोयाबीन मात्र वाळून गेले." बघा, क्रियापद शोधता शोधता बातमीच बदलली.

दुसरे. आशा कुणाच्या मेल्या नव्हत्या, धीर सुटला होता. "शेतकऱ्यांना धीर आला आहे." बाजारपेठ जिवंत झाली म्हणजे काय? आठवडी बाजारात खताच्या दुकानापुढे पुन्हा रांग दिसली. मग तेच लिहा, ऊर्जा नको.

तिसरे, वाचनालय. त्याची इमारत तीच, पुस्तके तीच, रंगसुद्धा नाही. फोनवर खोदून विचारल्यावर कळते की एका निवृत्त गुरुजींनी किल्ली मागून घेतली आहे, दोन वर्तमानपत्रे लावली आहेत आणि संध्याकाळी चारपाच म्हातारे येऊन बसतात. "वाचनालयाचे कुलूप निघाले आहे." कात टाकायला अजून अवकाश आहे.